नागपूरभोवतीच्या शांत सायकल-वाटा: कुठून निघावं, कुठे वळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलीमुळे पुण्याहून नागपुरात आलात. तुम्ही आणि तुमची नणंद, दोघी पन्नाशीच्या आसपास. फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी अशी पंचवीस किलोमीटरची चक्कर आरामात होते. आता शहराबाहेर पडायचंय, पण डांबरी सोडायचं नाही आणि हायवेवर ट्रकच्या शेजारून जायचं नाही. थोडे चढ-उतार हवेत, आणि वाटेत थांबून बघावं असं एखादं जुनं गाव हवं. तुमच्याकडे गिअरची हायब्रिड आहे, नणंदेकडे साधी बिनगिअरची. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

मी चोवीस वर्षं या भागात सायकल चालवते आहे. गेली काही वर्षं रविवारी नव्या लोकांना सोबत नेते, त्यात बायका बऱ्याच असतात. तुमच्यासारख्या पंचवीस किलोमीटरवर अडकलेल्या कितीतरी जणी बघितल्या. पाय दमतात म्हणून त्या अडकत नाहीत, रस्ता माहीत नसतो म्हणून अडकतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नकाशात बारीक पिवळी रेघ दिसली की लोकांना वाटतं हा शांत रस्ता. तसं नसतं. त्या रेघेवर कोण, केव्हा आणि कशासाठी चालतं ते नकाशा सांगत नाही. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते की आधी ट्रक कुठून निघतो आणि कुठे जातो ते शोधा. एकदा ते कळलं की उरलेले रस्ते आपले.

नागपूर देशाच्या मधोमध. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही मोठे महामार्ग इथून जातात, त्यामुळे मुख्य रस्त्यांवर सायकलस्वाराला जागाच नाही. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, तिथे चोवीस तास ट्रक वळत असतात. वर्धा रोडला मिहान आणि पुढे बुटीबोरीची एमआयडीसी. कोराडी-खापरखेड्याकडे औष्णिक वीज केंद्रं, म्हणजे कोळसा आणि राखेची वाहनं. सावनेर आणि उमरेडकडे कोळसा खाणी. जबलपूर हायवे तर विचारूच नका. समृद्धीवर सायकलला परवानगीच नाही, तो विषयच संपला.

याखेरीज रेती. कन्हान नदीच्या काठाने जाणारे कितीतरी आडरस्ते दिवसा अगदी निवांत वाटतात, पण पहाटे तिथे रेतीचे टिप्पर धावतात आणि रिकामा टिप्पर भरलेल्यापेक्षा जास्त जोरात येतो. नदीकाठच्या गावाच्या रस्त्यावर डांबराच्या कडेला ओली रेती सांडलेली दिसली, तर त्या रस्त्यावर उजेड पडल्यावरच जायचं. मी स्वतः एकदा अंधारात अशा सांडलेल्या रेतीवर घसरले आणि डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हापासून पूर्वेकडे जायचं असेल तर सूर्य दिसल्याशिवाय मी पॅडल मारत नाही.

आता जमिनीबद्दल. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे, दख्खनच्या पठाराचा पूर्वेकडचा काठ. तिकडची जमीन लाटांसारखी चढते-उतरते. एकेक चढ मोठा नाही, पण लागोपाठ येतात. कापूस, तूर, सोयाबीन आणि कळमेश्वर-काटोलकडे संत्र्याच्या बागा. पूर्वेला खडक बदलतो, जमीन सपाट होत जाते आणि धानाची शेती आणि तलाव सुरू होतात. त्या तलावांतल्या बऱ्याच जुन्यांना लोक मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजार म्हणजे जुने जमीनदार. थोडक्यात, चढ-उतार हवे असतील तर पश्चिमेला जा. फार जुना इतिहास मात्र दोन्हीकडे आहे, फक्त वेगवेगळ्या काळातला.

पहिल्या रविवारी जुनापाणी करा. काटोल नाक्यावरून निघायचं, काटोल रोडने गोरेवाड्याच्या बाजूने पुढे. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या आतबाहेर होतात. या रस्त्यावर गाड्या असतात, पण सकाळी सात-साडेसातपर्यंत चालतं. जुनापाणीला महापाषाणयुगातली दगडी वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांना पुरून भोवती मोठमोठे दगड गोल रचून ठेवले. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पहिल्यांदा खोदकाम केलं. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण भव्य काही बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. झुडपं, गवत आणि त्यात अर्धे बुडालेले काळे दगड.

तिथे सकाळीच जावं, यालाही कारण आहे. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीने. ऊन डोक्यावर आलं की ते दिसत नाहीत, तुम्ही शेजारून निघून जाल. सात वाजता ऊन तिरपं असतं, तेव्हा प्रत्येक खळग्यात अर्धी सावली भरते आणि दगडावर ठिपक्यांची रांग उमटते. बोट फिरवून बघा. कडा अजून हाताला लागते. वर्तुळांतल्या दगडांवर चढू नका आणि सायकल टेकवू नका एवढंच.

याच बाजूला माहूरझरी आहे. तिथल्या उत्खननात मणी घडवण्याचा मोठा उद्योग सापडला आणि पुरलेल्या घोड्यांसोबत त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. आज तुम्हाला गावात त्यातलं काही दिसणार नाही. पण त्या टेकाडांवरून सायकल नेताना खाली ही माणसं राहत होती, घोडे बाळगत होती, हे माहीत असलं की चढ वेगळा वाटतो. मला तरी वाटतो.

दुसरा रविवार हिंगण्याच्या पुढचा मोहगाव झिल्पी तलाव. शहराच्या कोणत्या टोकाला राहता त्यानुसार जाऊन-येऊन पंचेचाळीस-पन्नास. हिंगणा एमआयडीसीचा टप्पा लवकर पार करायचा, कारण पाळी बदलण्याच्या वेळी दुचाक्यांचा लोंढा असतो. त्यापुढे रस्ता छान आहे, शेवटी पाण्याशी थांबतो. ऐतिहासिक काही नाही. पाय तयार करायला जायचं, बस.

मग खरा रस्ता: कळमेश्वर, धापेवाडा, आदासा. नागपूरकर सायकलवाल्याने एकच रस्ता करायचा असं ठरवलं, तर मी हाच सांगेन. शहरातून गेलात तर जाऊन-येऊन साधारण ऐंशी किलोमीटर. जास्त वाटत असेल तर कळमेश्वरपर्यंत सायकली गाडीत टाकून न्या, मग चाळीसच्या आत बसतं. कळमेश्वरलाही एमआयडीसी आहे, त्यामुळे तिथपर्यंतचा रस्ता शांत म्हणता येत नाही, सहन करण्यासारखा आहे. कळमेश्वर सोडून धापेवाड्याच्या रस्त्याला लागलात की एकदम आवाज बंद होतो. दोन्ही बाजूंना वावरं, मध्ये मध्ये संत्र्याची बाग, बांधावर बाभळी, समोरून एखादी बैलबंडी किंवा दुधाच्या कॅनवाली मोटरसायकल. रस्ता खाली उतरतो, नाल्यावर रपटा म्हणजे बुटका पूल लागतो, पुन्हा वर चढतो. उतारावर सायकल मोकळी सोडायचा मोह होतो, पण रपट्याच्या आधी ब्रेक लावायचाच. रपट्याच्या सिमेंटवर पावसाळ्यानंतरही महिनाभर शेवाळ असतं.

धापेवाड्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. चंद्रभागा नावाच्याच नदीच्या काठावर विठ्ठलाचं मंदिर आहे. आषाढीनंतर इथे मोठी यात्रा भरते. आषाढीला पंढरपुरात असलेला पांडुरंग नंतर धापेवाड्याला येतो, ही इथली श्रद्धा. त्या दिवसांत सायकल घेऊन जाऊ नका, रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि तो त्यांचाच असायला हवा. एरवी सकाळी आठला घाटावर दोन-चार बायका धुणं धूत असतात, देवळात काकड्याचं सगळं आटोपून शांतता असते. पायऱ्यांवर अर्धा तास बसा. संत कोलबास्वामींचं हे गाव, आणि भोसल्यांच्या काळापासून इथे भक्तांची ये-जा आहे.

इथून आदासा चार-पाच किलोमीटर. आदाशाचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. मूर्ती मोठी आहे, देऊळ टेकडीला लागून. शेवटचा चढ छोटा पण ताठ. मंगळवारी आणि चतुर्थीला गर्दी असते, म्हणून ते दिवस टाळा. नाश्ता मी आदाशालाच करते. पोह्यावर तर्री मागितली की अर्धी वाटीच घालायला सांगायचं. नागपूरची तर्री आणि पुढचे चाळीस किलोमीटर यांचं फार जमत नाही. आलूबोंडा मात्र चालतो. आणि हो, पुण्याहून आला आहात म्हणून सांगते, इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ‘सांबार घालू का’ असं विचारलं तर दचकू नका.

याच रस्त्यावर मला पंक्चरचं शिक्षण मिळालं. डिसेंबरचे दिवस होते, कळमेश्वर ओलांडून तीन-चार किलोमीटर गेले असेन. मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले. दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. टायर उलटून बघितला, बोटं फिरवली, काही नाही. ठिगळ लावलं. तिसऱ्यांदा. मी रस्त्याच्या कडेला टायर मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा एक म्हातारे काका जुन्या काळ्या सायकलवरून आले, हँडलला दुधाची कॅन. काही न बोलता सायकल बाभळीला टेकवली, शेजारच्या वावरातून फुटलेल्या कापसाचं एक बोंड तोडलं, सरकी काढून टाकली आणि कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवत गेले. एका जागी कापसाचा एक तंतू अडकला. ‘हा पाय,’ म्हणाले, म्हणजे हा बघ. बाभळीच्या काट्याचं टोक, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं, रबरात रुतून मोडलेलं. बोटाला कळत नव्हतं, पण हवा भरली की ट्यूबला बरोबर टोचत होतं. त्यांनी नखांनी ते काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत कापसाचा एक बोळा असतोच.

पंक्चर आमच्याकडे नशिबाचा भाग नाही, हंगामाचा आहे. बांधावरच्या बाभळी छाटल्या की फांद्या रस्त्याच्या कडेने ओढत नेतात आणि आठवडाभर काटे पडलेले असतात. पावसाळा संपल्यावर गोखरू सुकतं, त्याचे काटे चारही बाजूंना असतात, कसंही पडलं तरी एक टोक वर. म्हणून डांबराच्या अगदी कडेने चालवू नका. कडेपासून हात-दीड हात आत राहा, मागून येणाऱ्या गाडीलाही तुम्ही लवकर दिसता. दोघींच्यात तीन ट्यूब, ठिगळाचं सामान, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पंप. नणंदेच्या साध्या सायकलचं चाक नटाचं असेल, तर त्या मापाचा पानाही. पाना विसरला की बाकी सामान निरुपयोगी.

हवेबद्दलही बोलते, कारण जवळजवळ प्रत्येक जण इथे चुकतो. दुकानदार टायर दगडासारखा करून देतो आणि आपल्याला वाटतं सायकल पळेल. गावांकडच्या डांबरी रस्त्यांवर गिट्टी वर आलेली असते. घट्ट टायर त्यावर उड्या मारतो, हात बधिर होतात आणि वेगही कमीच मिळतो. तुमच्या हायब्रिडला बत्तीस ते पस्तीस मिलीमीटरचा टायर असेल. साठ-पासष्ट किलो वजनाला पुढे पंचेचाळीस-पन्नास आणि मागे पंचावन्नच्या आसपास पीएसआय पुरे.

आता रामटेक. इथे माझं मत बऱ्याच सायकलवाल्यांना पटत नाही. नागपूर ते रामटेक सायकलने जाणं म्हणजे पन्नासेक किलोमीटर, त्यातला मोठा भाग जबलपूर हायवे. लोक अभिमानाने करतात. मी करत नाही. कन्हान ओलांडल्यावर तारशाच्या बाजूने आतून जाता येतं, पण कामठी-कन्हानची गर्दी चुकत नाही. तुम्ही सरळ सायकली गाडीत घाला, रामटेकला अंबाळा तलावाजवळ गाडी लावा आणि तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा करा. हायवेवर खर्च होणारी ताकद आणि वेळ दोन्ही बघण्यात लावा, कारण इथे बघण्यासारखं इतकं आहे की एक रविवार पुरत नाही.

पहिलं नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला, काही किलोमीटरवर. रस्ता जवळजवळ सपाट, धानाच्या बांध्यांमधून. नोव्हेंबरमध्ये धान कापलेलं असतं आणि हवेत तणसाचा वास असतो. गावात शिरलात की वाटणार नाही की ही वाकाटक राजघराण्याची राजधानी होती. नंदिवर्धन ते हेच, असं अभ्यासक मानतात. इथे पाचव्या शतकाच्या सुमाराला प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीने राज्य चालवलं. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा रुद्रसेनाची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि बाईने कारभार हातात घेतला. २०१५ ते २०१८ या काळात इथे उत्खनन झालं तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी अक्षरं आणि शंखाची खूण असलेली. मी बायकांचा गट घेऊन आले की गावाच्या वेशीवर सायकली उभ्या करून ही गोष्ट सांगते. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी याच सपाट मातीवर एका बाईच्या शिक्क्याने आज्ञा निघत होत्या, हे ऐकून कोणी लगेच सायकलवर बसत नाही.

गावातला किल्ला मात्र त्या काळातला नाही, खूप नंतरचा, भोसल्यांच्या काळात आजचं रूप घेतलेला. चौकोनी, तटबंदी चांगली टिकलेली. आत पायऱ्या उतरून जायची विहीर आहे, उन्हातून आल्यावर तिथला गारवा लगेच जाणवतो. पायऱ्यांवर सायकलचे बूट घसरतात, जपून.

नगरधनहून परत रामटेकला येऊन खिंडसी तलावाकडे जा. टेकड्यांच्या कुशीतलं पाणी, कडेने रस्ता. रविवारी अकरानंतर सहलीची गर्दी होते, म्हणून आधी जाऊन या. मग अंबाळा. घाट आणि देवळं पाण्याला लागून आहेत, लोक पूर्वजांची कार्यं करायला येतात. तिथे फोटो काढताना माणसं चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्या.

गडावर गाडीरस्त्याने जाता येतं. चढ खडा आहे. तुम्ही गिअरवर चढाल. नणंदेने सायकल ढकलत नेली तरी हरकत नाही, किंवा खाली ठेवून पायी. वर राममंदिरं आहेतच, पण वाटेवरचं केवल नरसिंहाचं देऊळ चुकवू नका. ते वाकाटककाळातलं, पाचव्या शतकातलं आहे आणि आत शिलालेख आहे. बहुतेक लोक त्याच्या समोरून जातात आणि बघत नाहीत, कारण ते लहान आहे. कालिदासाच्या यक्षाने जिथे विरहात दिवस काढले तो रामगिरी म्हणजे हाच डोंगर, हे मत नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी अभ्यासाने मांडलं. आषाढाच्या सुरुवातीला गडावर उभं राहून पश्चिमेकडून ढग येताना बघितले की वाद घालावासा वाटत नाही.

मनसरचे वाकाटककालीन अवशेषही याच भागात, हिडिंबा टेकडीवर. विटांचं बांधकाम बघण्यासारखं आहे. पण ते हायवेच्या फार जवळ, म्हणून मी मनसर परतताना गाडीनेच करते.

शेवटचा रस्ता आंभोरा. तो तुमच्या यादीत आत्ता नको, चार-सहा महिन्यांनी. कुहीपासून वेलतूरमार्गे आंभोऱ्याला जाणारा रस्ता बराच मोकळा असतो. नागपूरहून एका बाजूचंच सत्तर किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणून कुहीपर्यंत गाडीने. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्या जिथे मिळतात तिथे टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी आता इथपर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळे संगम म्हणून डोळ्यांपुढे येतं ते एक विस्तीर्ण सरोवर. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांचे गुरू हरिनाथ यांची समाधी इथली मानतात, आणि मुकुंदराजांनी आपला ग्रंथ शके १११० मध्ये इथेच लिहिला, असं विदर्भातली परंपरा सांगते. आंबेजोगाईचाही तोच दावा आहे. मला दोन्ही गावं प्रिय आहेत. एवढं मात्र सांगते की आंभोऱ्याला पोचल्यावर पाण्याकडे बघत बसलेला कोणीही माणूस पंधरा मिनिटं बोलत नाही.

आंभोरा, उमरेड-कऱ्हांडला, पेंच, बोर या सगळ्या बाजूंना जंगल आहे आणि जंगलात वाघ आहे. घाबरवायला लिहीत नाही. दिवसा डांबरी रस्त्यावर गावागावांतून जाताना फारसा धोका नाही. पण सूर्योदयापूर्वी आणि दिवेलागणीनंतर जंगलाच्या कडेच्या रस्त्यावर सायकलवर असू नये. वाघापेक्षाही रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर यांचीच भीती जास्त. रोही उडी मारून रस्ता ओलांडते आणि तिच्या मागे दुसरी असतेच. एक गेली की ब्रेक धरून थांबा.

हंगाम कोजागिरीपासून होळीपर्यंत. त्यातही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जपून, कारण कास्तकार सोयाबीन रस्त्यावर पसरवतात, गाड्यांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून. त्यावरून सायकल नेऊ नका, शेंगा चाकाखाली घसरतात आणि आपण कुणाच्या वर्षभराच्या कमाईवरून जातो ते वेगळंच. उतरून बाजूने चालत जा. फेब्रुवारीत कळमेश्वरकडे आंबिया बहार फुलतो. संत्र्याच्या फुलांचा वास सकाळी रस्त्यावर इतका दाट असतो की बागेच्या आधीच कळतं. माझा सगळ्यात आवडता महिना तोच. थंडीला कमी लेखू नका. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा पहाटे बोटं ब्रेकवर चालत नव्हती. हातमोजे ठेवा. आणि मार्चनंतर सकाळी साडेआठला घरी. ज्या शहरात मे महिन्यात सत्तेचाळीसच्या पुढे पारा गेलेला आहे, तिथे उन्हाळ्यात सायकलवर शौर्य दाखवायचं नसतं. तासाला किमान अर्धा लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ-साखर. ताक मिळालं तर सोडू नका.

तुम्ही दोघीच जायचं का, असं विचारलंय. जा. चोवीस वर्षांत गावातल्या माणसाने मला त्रास दिल्याचं एकदाही घडलेलं नाही. जो त्रास झाला तो शहराच्या वेशीजवळच्या मोटरसायकलवाल्या पोट्ट्यांचा, आणि तो चौकातल्या पानठेल्यावर थांबून उभं राहिलं की संपतो. बाथरूमची अडचण खरी आहे. कळमेश्वर आणि रामटेकला पेट्रोलपंप आहेत. मधल्या गावांत अंगणात उभ्या असलेल्या एखाद्या काकूंना विचारा, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, उतरून सायकल मध्ये धरून चाला, तीन घरं गेली की ते परत फिरतं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

नणंदेच्या सायकलबद्दल. जुनापाणी आणि रामटेकचा फेरा बिनगिअरवर व्यवस्थित होईल. धापेवाडा-आदासा होणार नाही असं नाही, पण पंधराव्या चढाला त्या तुमच्यावर चिडतील. नवी सायकल घ्यायची घाई नको. दुकानात मागचं दातेरी चक्र थोडं मोठं बसवून मिळतं, खर्च फार नाही, आणि पाय हलके होतात. आधी ते करून बघा. आणि सीटची उंची. बहुतेक बायका सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीला पुरावा म्हणून. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं तर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, तेवढी वर घ्या. चौकात थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागेल. ती अंबाझरीच्या रस्त्यावर दोन संध्याकाळी करून घ्या, मगच काटोल नाका.